मेंदूतील गाठीची ‘ग्रेड’ मशीन ठरवणार. मग सही कोणाची?

मेंदूच्या एमआरआयवरून गाठ कोणत्या दर्जाची आहे हे आता संगणक सांगू लागला आहे, अशा बातम्या गेली काही वर्षे सातत्याने येत आहेत. बातमीत आकडा असतोच. अचूकता अमुक टक्के, वेळ अमुक सेकंद. उत्साहाच्या भरात एखादा बातमीदार ‘डॉक्टरांपेक्षाही सरस’ असे लिहून मोकळा होतो. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया एआय मिशन’साठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून तर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द उच्चारल्याशिवाय मंत्र्यांचे भाषण पूर्ण होत नाही. आमच्या चळवळीत मात्र या विषयावर शुकशुकाट आहे. आरक्षण, अॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, गायरान हे आपले विषय आणि एमआरआय हा डॉक्टरांचा विषय, अशी आपण वाटणी करून घेतली आहे. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. का मान्य नाही, ते एका प्रकरणावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी पाथर्डी तालुक्यातील आमच्या एका कार्यकर्त्याचा रात्री फोन आला. “जयभीम वकीलसाहेब. बहिणीच्या डोक्यात क्यान्सर निघालाय म्हणत्यात. आता काय करावं?” बहीण आणि मेहुणे ऊसतोडीला जाणारे. एका कारखान्याच्या फडात मोळी बांधताना तिला फिट आली. सोबतच्या बायांनी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल हुंगवली. दुसऱ्यांदा फिट आली तेव्हा मुकादमाने तिला गावी पाठवून दिले. गावी आल्यावर ‘बाहेरचे’ आहे का हे पाहण्यात दहाबारा दिवस गेले. (२०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण कायदा झाला म्हणून अंगारा बंद झाला असे नाही.) शेवटी भावाने भांडून तिला नगरला आणले आणि एका खाजगी केंद्रात एमआरआय करून घेतला. अहवालात इंग्रजीत लिहिले होते की मेंदूत कडीसारखी दिसणारी गाठ आहे, भोवती सूज आहे, आणि ही ‘हाय ग्रेड ग्लायोमा’ असण्याची दाट शक्यता आहे.

त्या दोन शब्दांनी घर बसले. मेहुण्यांनी पुढच्या हंगामाची उचल घेतली, शेळ्या विकल्या, आणि सगळे एकशे वीस किलोमीटरवरच्या पुण्याला गेले. तेथे शस्त्रक्रियेत गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा तो कर्करोग नव्हता. क्षयाची गाठ होती. टीबी फुप्फुसात होतो एवढेच आपल्याला ठाऊक असते. तो मेंदूतही गाठ करतो आणि तिला ट्युबरक्युलोमा म्हणतात. बाई टीबीच्या गोळ्यांवर बरी झाली. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या. उचल मात्र दोन हंगाम फेडावी लागली.

अहवाल लिहिणारा डॉक्टर माणूस होता, मशीन नव्हते. त्याने बेईमानी केली असेही आम्ही म्हणत नाही. कडीसारखी चकाकणारी गाठ टीबीची असू शकते, ग्लायोमाची असू शकते, आणि फितकृमीच्या अळीचीही असू शकते. ही अळी डुकराचे मांस न खाणाऱ्याच्या मेंदूतही जाते. घाण पाण्यातून आणि न धुतलेल्या भाजीतून तिची अंडी पोटात गेली की पुरे. आपल्या देशात फिट येण्यामागे ही एक नेहमीची गोष्ट आहे. चित्रावरून या तिन्हींतला फरक ओळखणे अनुभवी डॉक्टरालाही जड जाते. हेच काम संगणकावर सोपवायचे असेल, तर संगणक ते कोणाकडून शिकला हे विचारावे लागते.

संगणक शिकतो म्हणजे काय करतो? त्याला हजारो एमआरआय दाखवले जातात. प्रत्येक रुग्णाच्या सहसा चार प्रकारच्या प्रतिमा असतात: साधी, शिरेतून औषध सोडल्यानंतरची, आणि सूज व पाणी दाखवणाऱ्या आणखी दोन. तज्ज्ञ डॉक्टर प्रत्येक चित्रावर हाताने रेघ मारून दाखवतात की हा गाठीचा जिवंत भाग, हा सडलेला गाभा, ही भोवतालची सूज. त्या रुग्णाच्या गाठीचा तुकडा तपासून निघालेली श्रेणीही संगणकाला सांगितली जाते. हे पुन्हा पुन्हा केल्यावर कडेचा खडबडीतपणा, चकाकीचा पोत आणि आकार यांचा श्रेणीशी काय संबंध आहे, हे गणित तो स्वतः बसवतो. नव्या रुग्णाचे चित्र दिले की त्याच गणिताने उत्तर काढतो. ‘मशीन लर्निंग’ म्हणतात ते हेच. यात चमत्कार नाही. जे दाखवले ते शिकला, जे दाखवलेच नाही ते त्याच्यासाठी जगात नाही.

हे काम अमेरिकेतच चालते असे समजू नका. नांदेडच्या विष्णुपुरीतील श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थेत उज्ज्वल बैद आणि प्रा. संजय तालबार यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत ग्लायोमाचे भाग वेगळे करणारी आणि रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधणारी पद्धत तयार केली, आणि २०१८ च्या ‘ब्रॅट्स’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मांडली. ही स्पर्धा २०१२ पासून चालते आणि मेंदूच्या गाठींच्या संगणकीय अभ्यासात तिचा मोठा दबदबा आहे. पुढे २०२१ च्या स्पर्धेचा मुख्य शोधनिबंध लिहिला गेला, तेव्हा लेखकांत पहिले नाव बैद यांचेच होते. मराठवाड्यातल्या सरकारी अनुदानित महाविद्यालयातून हे घडले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. आपल्या वस्तीतल्या ज्या पोरांना ‘गणित आपले काम नाही’ असे शिक्षकच सांगतात, त्यांना हे उदाहरण आवर्जून दाखवावे.

पण २०१८ च्या त्या स्पर्धेत शिकण्यासाठी दिलेले रुग्ण होते २८५, त्यांपैकी २१० वरच्या श्रेणीचे आणि ७५ खालच्या. प्रतिमा प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातील रुग्णालयांच्या. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ते सर्व रुग्ण ग्लायोमाचेच होते. त्यात टीबीची गाठ नव्हती, अळीची गाठ नव्हती. स्पर्धेचा प्रश्नच असा होता की गाठ ग्लायोमाची आहे हे ठरलेले आहे, आता तिचे भाग पाडा. संशोधनासाठी यात काहीच गैर नाही. घोळ होतो तो पुढे. असे गणित कोणी उचलून एखाद्या तालुक्याच्या स्कॅन केंद्रात बसवले, आणि त्याच्यासमोर पाथर्डीच्या त्या बाईचे चित्र ठेवले, तर ते काय म्हणेल? त्याच्या शाळेत टीबी हा धडाच नव्हता. ते श्रेणीच सांगणार, कारण श्रेणी सांगण्याशिवाय त्याला दुसरे उत्तर येत नाही. आणि माणूस निदान ‘शक्यता’ असे लिहितो. मशीन त्यापुढे टक्केवारी छापते. ‘९४ टक्के’ असे छापलेले वाचल्यावर कोणत्या ऊसतोड मजुराची छाती आहे की तो म्हणेल, साहेब, एकदा टीबीची तपासणी करून बघू का?

आफ्रिकेच्या लोकांना हे आपल्या आधी उमगले. तेथील एमआरआय यंत्रे जुनी, कमी ताकदीची, चित्र धूसर. रुग्ण उशिरा येतो, तोवर गाठ मोठी झालेली असते. श्रीमंत देशांच्या चित्रांवर शिकलेले गणित अशा ठिकाणी डगमगते. म्हणून २०२३ मध्ये याच स्पर्धेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांतील रुग्णांच्या प्रतिमांचा वेगळा विभाग काढण्यात आला. आपल्याकडेही टाटा मेमोरियलने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने कर्करोगाच्या प्रतिमांची पेढी उभारायला घेतली आहे. मुंबईची आयआयटी, दिल्लीचे एम्स, चंदीगडची पीजीआय अशा संस्था त्यात आहेत. सुरुवात डोके-मान आणि फुप्फुसाच्या कर्करोगापासून आहे. पाऊल योग्य दिशेने आहे. पण टाटाच्या पायरीपर्यंत पोहोचलेल्याचेच चित्र त्या पेढीत जाणार. अकोल्याच्या डोंगरातला ठाकर, महादेव कोळी, जामखेडचा पारधी, जो डोकेदुखीला मेडिकलमधली पाच रुपयांची गोळी खाऊन गप्प बसतो, तो त्यात कसा जाईल? जनगणनेत जातीचा रकाना नाही म्हणून ओबीसी किती हे माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून वाटा नाही, हा खेळ आपण अनेक दशके पाहिला. तोच खेळ आता दवाखान्यात येऊ पाहतो आहे.

हे आम्ही हवेत बोलत नाही. अमेरिकेत २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील रुग्णालये कोणत्या रुग्णाला जास्तीची देखभाल द्यायची हे ठरवायला एक संगणकीय गणित वापरत होती. गणितात वंशाचा रकाना नव्हता. तरीही सारखेच गुण मिळालेल्या गोऱ्या आणि काळ्या रुग्णांत काळे रुग्ण प्रत्यक्षात जास्त आजारी निघाले. कारण गणित आजार मोजत नव्हते, आजारावर झालेला खर्च मोजत होते. काळ्या रुग्णावर आधीपासूनच कमी खर्च होत होता, म्हणून गणिताच्या लेखी तो कमी आजारी ठरला. ही चूक दुरुस्त केली असती, तर जास्तीच्या देखभालीसाठी निवडलेल्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. कोणी शिवी दिली नाही, कोणी दार लावले नाही, आणि तरीही माणूस बाहेर राहिला. आपल्या वाचकांना हा प्रकार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता श्रेणीकडे वळू, कारण सगळा डोलारा याच शब्दावर उभा आहे. जागतिक आरोग्य संघटना मेंदूच्या गाठींना १ ते ४ अशा श्रेणी देते. पहिल्या श्रेणीची गाठ पुष्कळदा शस्त्रक्रियेने पूर्ण निघते आणि माणूस आयुष्य काढतो. चौथ्या श्रेणीतल्या ग्लायोब्लास्टोमात किरणोपचारासोबत गोळ्या देण्याचा जो उपचार २००५ सालापासून जगभर रूढ झाला, त्याच्या मूळ अभ्यासात निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांपलीकडे जगले नव्हते. म्हणजे एका आकड्यावर कुटुंब शेत विकायचे की नाही हे ठरवते. आणि हा आकडा नुसत्या चित्रावर ठरतच नाही. औषध सोडल्यावर गाठ चकाकली की वरची श्रेणी, असा ढोबळ ठोकताळा आहे. पण मुलांमध्ये होणारी पहिल्या श्रेणीची एक गाठही झगझगीत चकाकते, आणि वरच्या श्रेणीच्या काही गाठी अजिबात चकाकत नाहीत. संघटनेने २०२१ साली वर्गीकरण बदलले, तेव्हापासून गाठीच्या पेशीतल्या जनुकांची तपासणीही निर्णायक झाली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणारी गाठ जनुकांच्या तपासणीत थेट चौथ्या श्रेणीची निघू शकते. ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी सहजासहजी होत नाही.

तेव्हा मशीन जे सांगते तो अंदाज आहे. अंदाज उपयोगी असतो हे आम्ही नाकारत नाही. शंभर एमआरआय वाचायचे पडले असताना आधी कोणता उघडावा, हे मशीनने सांगितले तर जीव वाचेल. गाठ मागच्या तपासणीपेक्षा किती घनमिलिमीटर वाढली हे माणसाच्या डोळ्यापेक्षा ते नेमके मोजते. किरणोपचाराच्या आधी गाठीची कड आखायला डॉक्टरचे तास जातात, ते वाचतील. मुंबईच्या एका कंपनीने देशभरातील तीन लाखांहून अधिक डोक्याच्या सीटी स्कॅनवर शिकवलेले गणित २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, रक्तस्राव आणि कवटीचा भंग ते चटकन हेरते. नगर-मनमाड किंवा नगर-पुणे रस्त्यावर रोज होणाऱ्या अपघातांचा विचार करता, रात्री दोन वाजता रेडिओलॉजिस्ट नसलेल्या दवाखान्यात असे काही हवेच आहे. विज्ञानाला पाठ दाखवणारा समाज आपण नाही. आपली तक्रार आहे ती अंदाजाला निकाल म्हणून खपवण्याबद्दल.

वकील म्हणून आम्हांस यात सही दिसत नाही. न्यायालयात तज्ज्ञाचे मत चालते. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ४५ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ आहे. पण तो तज्ज्ञ पिंजऱ्यात येतो, शपथ घेतो, आणि आम्ही त्याला विचारतो की डॉक्टरसाहेब, आपण टीबीची शक्यता का वगळली? मशीनला पिंजऱ्यात उभे करता येत नाही. ते असे का म्हणाले हे पुष्कळदा ते बनवणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. आधीच आपल्याकडच्या स्कॅन अहवालांच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘वैद्यकीय-कायदेशीर कामासाठी ग्राह्य नाही’ असा शिक्का असतो. म्हणजे पैसे घेताना अहवाल ग्राह्य, चूक निघाली की अग्राह्य. त्यात आता मशीन आले तर डॉक्टर म्हणेल मशीनने सांगितले, कंपनी म्हणेल आम्ही फक्त सहाय्य देतो, अंतिम निर्णय डॉक्टरचा. या टोलवाटोलवीत बाईने दाद कोणाकडे मागायची?

कायदा अगदीच मुका नाही. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आले आहे आणि धोक्याप्रमाणे त्याचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२३ साली आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण मार्गदर्शक तत्त्वे मोडली म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. ग्राहक कायद्याचा रस्ता १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने उघडला. सगळ्यांनाच फुकट सेवा देणारे रुग्णालय त्या कायद्याबाहेर राहिले, मात्र विमा कंपनी खर्च भरते तेथे सेवा मोफत समजली जाणार नाही, असेही त्याच निकालात आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी या वाक्याचा आधार घेऊन भांडता येते, असे आमचे मत आहे. आपल्या तरुण वकिलांनी तो युक्तिवाद तयार ठेवावा.

या योजनेचे नाव निघाले म्हणून आणखी एक धास्ती बोलून दाखवतो. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या या योजनेला २०१७ साली महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि २०२३ साली संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. खर्चाची पूर्वमंजुरी कागदपत्रांवर मिळते. उद्या त्या कागदांत मशीनच्या टक्केवारीचा रकाना आला, आणि ‘चौथी श्रेणी, जगण्याची शक्यता कमी’ असे पाहून मंजुरी रखडू लागली, तर? आज असे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु अमेरिकेतल्या त्या गणिताचाही मूळ हेतू देखभाल वाढवण्याचाच होता.

आता संमतीचा प्रश्न. जुन्या एमआरआयमधून नाव-गाव काढून टाकले की, नैतिक समितीच्या परवानगीने, रुग्णाला न विचारता ते संशोधनासाठी वापरता येतात. ही पद्धत जगभर आहे आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांतही तिला वाव आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक तरतुदी लागू करायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली, आणि संशोधनाला कलम १७ मध्ये सूट ठेवली गेली. संशोधन अडावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. उलट आपल्या माणसांची चित्रे त्यात गेली पाहिजेत, हेच वर सांगितले. पण आमच्या डोक्याची चित्रे घेऊन गणित शिकणार, ते गणित कंपनी विकणार, आणि आमच्याच तालुक्यातल्या केंद्राने ते विकत घेऊन आमच्याच रुग्णाकडून पैसे वसूल करायचे, हा व्यवहार एकतर्फी आहे. सार्वजनिक दवाखान्याच्या चित्रांवर शिकलेले गणित सार्वजनिक दवाखान्याला फुकट मिळाले पाहिजे. ही अट करारात घालता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, फक्त करार लिहिणाऱ्याच्या मनात ते असावे लागते.

या जिल्ह्याला ‘शिकवणे’ नवीन नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यात कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित. ज्या बाईच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, तिच्या हातून बाळंतपण होऊ लागले. पुढे जगभरचे लोक ते पाहायला जामखेडला येऊ लागले आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायाही एकेक रुग्ण पाहतच शिकल्या, मशीनसारख्याच. फरक एवढा होता की चूक झाली तर ती बाई दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत राहत होती, आणि गाव तिला जाब विचारू शकत होते. फिट आलेल्या बाईला कांदा न हुंगवता एका कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि पहिल्यांदा फिट आली असेल तर दवाखान्यात न्याच, एवढे सांगणारी एक जरी कार्यकर्ती त्या उसाच्या फडात असती, तर दहाबारा दिवस अंगाऱ्यात गेले नसते. हजारो कोटींच्या मिशनमध्ये तिच्या मानधनाचा रकाना आम्हांस कोठे दिसला नाही.

आणि मशीनने अगदी बरोबर सांगितले, तरी पुढे काय? १९९२ च्या जुलैमध्ये पश्चिम बंगालात हाकिम शेख नावाचा माणूस रेल्वेतून पडला. पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा सदस्य, शेतमजूर. डोक्याला जबर मार. त्याला एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे रात्रभर फिरवले. कोठे खाट नव्हती, कोठे सोय नव्हती. पैसे भरून सीटी स्कॅनही झाला, मेंदूतला रक्तस्राव दिसलाही; पण ज्या संस्थेत तो पाहिला गेला तेथे अशा तातडीच्या रुग्णावर उपचार करण्याची सोय नव्हती. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्च करून तो जगला. समिती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ६ मे १९९६ रोजी निकाल आला: तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे कलम २१ चा भंग, आणि पैशाची टंचाई ही सरकारची सबब चालणार नाही. शेखला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. आमच्या कार्यालयात या निकालाची झेरॉक्स कायम हाताशी असते. त्यात निदान वेळेत झाले होते. चित्र स्पष्ट होते. खाट नव्हती.

आपला नगर जिल्हा, २०२४ पासूनचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५ लाखांवर. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी याच जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी ११ कोरोना रुग्ण दगावले, हे नगरकर विसरलेले नाहीत. नवे यंत्र बसवताना फीत कापायला सगळे येतात. जुन्या वायरिंगचे उद्घाटन नसते.

म्हणून आम्ही माहिती अधिकाराचा एक अर्ज तयार केला आहे. विदा कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला असला, तरी आम्ही कोणा रुग्णाची माहिती मागत नाही, त्यामुळे ती सबब येथे लागू होऊ नये. जिल्ह्यातील सरकारी दवाखान्यांत स्कॅन वाचण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरले जाते किंवा घ्यायचे ठरले आहे. ते ज्या प्रतिमांवर शिकले त्यांत भारतातील किती आणि टीबीच्या गाठी किती. त्याच्या अहवालावर सही कोणत्या डॉक्टरची असते. आमच्या दवाखान्यांतील प्रतिमा बाहेर कोणाला दिल्या आणि कोणत्या करारावर. आणि मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची पदे मंजूर किती, भरलेली किती. अर्ज या आठवड्यात टपालात पडेल. इतर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या ठिकाणी असाच अर्ज करावा. नमुना हवा असेल त्यांनी दैनिकाच्या पत्त्यावर आम्हांस लिहावे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आले तर याच जागी छापू, नाही आले तर पहिल्या अपिलाची तारीख छापू.